पाचाच्या खाली

दत्तोबा पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी उठायचा. चारला नाही आणि सव्वाचारलाही नाही. किरकटवाडीहून स्वारगेटपर्यंत सायकल, स्वारगेटहून कंपनीची बस, आणि साडेसहाच्या आत हडपसरच्या कारखान्यात पहिल्या पाळीचं कार्ड. अशी तेहेतीस वर्षं गेली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गजर न लावता तो त्याच मिनिटाला उठून बसायचा आणि उशाशी ठेवलेल्या घड्याळाकडे बघायचा, ते बरोबर चालतंय का ते पाहायला.

तेहेतीसपैकी बावीस वर्षं तो तपासणीच्या टेबलावर होता. इंजिनात बसणाऱ्या पोलादी पिना त्याच्यासमोर यायच्या. व्हर्नियर, म्हणजे केसाइतका फरक दाखवणारी सरकती मोजपट्टी, लावायचा, आकडा वाचायचा. मापात असेल तर डावीकडे, नसेल तर लाल रंगाचा पट्टा ओढून भंगाराच्या पेटीत. लाल रंग लागलेली पीन पुन्हा मोजायची नाही, हा नियम त्यानेच घालून घेतला होता. पुन्हा मोजायला लागलं की माणूस हवा तो आकडा येईपर्यंत मोजत बसतो, असं त्याचं म्हणणं. आनंद नावाच्या टर्नरचा अख्ख्या पाळीचा माल त्याने एकदा केसभर फरकासाठी भंगारात घातला. आनंदने हात जोडले, घरात पोरं आहेत म्हणाला. "मी पिना मोजतो, पोरं मोजत न्हाई," दत्तोबा म्हणाला. त्या आठवड्यात आनंदची नोकरी गेली. दत्तोबाने त्या दिवशी डबा नेहमीच्या वेळेला खाल्ला.

अशा माणसाला निवृत्तीनंतर काही तरी मोजायला लागतंच. खडकवासल्याचं धरण घरापासून चालत अर्ध्या तासावर. पाण्यावर नदी सुरय उडायचे, पांढरे, चिमट्यासारख्या शेपटीचे. त्यांचे फोटो काढावेत म्हणून त्याने बुधवार पेठेतून एक छोटा जुना कॅमेरा घेतला. पुढे त्याच दुकानातून दुसरा, मोठा, तोही जुनाच. छोटा बायकोला दिला. बायको म्हणजे सोजरबाई. तिने चाळीस वर्षं गोधड्या शिवल्या होत्या, लोकांच्या जुन्या साड्यांच्या, आणि दिवसभर टाक्यावर नजर ठेवून तिची नजर अशी झाली होती, की धरणाच्या पलीकडच्या काठावरचा बगळा कोणत्या पायावर उभा आहे ते ती सांगायची. चहाचा थर्मास घेऊन ती दत्तोबाबरोबर यायची आणि फारसं बोलायची नाही.

शहरातल्या पक्षी पाहणाऱ्यांचं एक मंडळ होतं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कसबा पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बैठक. मंडळाचे प्रमुख माधवराव, बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मंडळाची वही लिहायच्या हेमाताई, त्या शाळेतून निवृत्त. उडणाऱ्या पक्ष्याचा फोटो म्हटला की तिथे भांडण ठरलेलं. पंख अर्धा हललेला, रंग उन्हात धुऊन गेलेला, मागे आभाळ. एक म्हणायचा मला हा वाटतो, दुसरा म्हणायचा मला तो वाटतो.

"वाटतं म्हणजे काय?" दत्तोबाने पहिल्याच बैठकीत विचारलं. पुढच्या बैठकीला तो वादातल्या कुरव पक्ष्याच्या फोटोची मोठी प्रत आणि व्हर्नियर घेऊन आला. पंखाची लांबी, रुंदी, चोचीची जाडी, सगळं त्याने पुस्तकातल्या चित्रांशी ताडून आकड्यांत मांडलं.

"आपल्या मंडळाला फिटर मिळाला," माधवराव म्हणाले. "आता पक्ष्यांचे नटबोल्टसुद्धा तपासून मिळतील."

लोक हसले. पण दत्तोबाचे आकडे तीनदा खरे निघाले, दोनदा तर माधवरावांच्या विरुद्ध, तेव्हा हसणं थांबलं. दुर्मिळ पक्ष्याची नोंद मंडळाच्या वार्षिक यादीत जायची असेल तर फोटोवर दत्तोबाची सही लागू लागली. त्याने मंडळाला नियमही घालून दिला. एकदा नाकारलेला फोटो पुन्हा तपासणीला आणायचा नाही. हेमाताईंनी तो वहीत लिहून घेतला.

फोटो तो कधीच पडद्यावर मोजायचा नाही. पडदा लहान-मोठा होतो, कागद होत नाही, असं त्याचं मत होतं. बारा बाय आठच्या कागदावर मोठी प्रत काढायची आणि तीच मोजायची.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात तीन दिवस वारा सुटला होता. असा वारा सुटला की समुद्रावरचे पक्षी कोकणातून रेटले जात घाट ओलांडून इकडे येतात. उपाशी, थकलेले. बहुतेक मरतात. ते मरायच्या आत मंडळातले लोक त्यांचे फोटो काढतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी धरणावर ती दोघंच होती. दत्तोबा मोठ्या कॅमेऱ्याच्या काचेवरचं पाणी पुसत होता.

"अहो, वर बघा," सोजरबाई म्हणाली.

"थांब, ओली हाय काच."

ती थांबली नाही. छोटा कॅमेरा उचलून तिने बटण दाबलं. एकदाच. गडद रंगाचा एक पक्षी वाऱ्याला पंख टेकवून जागच्या जागी उभा राहिला होता, डोकं सरळ खाली, चोच पाण्याकडे. दत्तोबाने मान वर केली तोवर वाऱ्याने त्याला पलीकडे फेकलं होतं.

घरी येऊन दोघांनी फोटो पाहिला. पक्षी नॉडी होता, एवढं दत्तोबाला लगेच कळलं. समुद्राचा पक्षी, इथे यायचं काहीच कारण नसलेला. नॉडी दोन होते. एक तपकिरी, तो एका जुन्या वादळात धरणावर येऊन गेला होता आणि यादीत होता. दुसरा छोटा नॉडी, तो मंडळाच्या यादीत नव्हताच. वादळाच्या उजेडात रंग काही दिसत नव्हता, नुसता काळा आकार. फरक उरला तो चोचीत, छोट्याची लांब-बारीक, तपकिरीची जाड.

"सुई हाय ही," सोजरबाई म्हणाली. "मी बघितली डोळ्यानं. दाभण न्हाई. बारका हाय त्यो, छोटा."

"सुई-दाभण हे माप न्हवं."

"मग काढा माप." आणि थोड्या वेळाने, चुलीकडे तोंड करून ती म्हणाली, "छोटा असला तर यादीत कुणाचं नाव लिवत्यात?"

"ज्यानं फोटो काढला त्याचं."

 संध्याकाळी तिने शेजारच्या बाईला सांगितलं, की माझं नाव छापून येणार आहे, पुस्तकात. साठ वर्षांत तिचं नाव रेशनकार्डाशिवाय कुठे छापलं गेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दत्तोबा प्रत काढायला बुधवार पेठेतल्या दुकानात निघाला होता. पायात बूट घालत होता, तेवढ्यात ती धरणावरून धापा टाकत आली. "अहो, त्योच पक्षी काठाला बसलाय, कोळ्यांच्या होड्यांपाशी. उडवत न्हाई त्याला. चला, हातात धरून मोजा."

दत्तोबाने घड्याळ बघितलं. "दुकान अकराला उघडतं. ही बस गेली की दीड तास बस न्हाई."

"अवं, पक्षी हितं हाय."

"तपासणीला फोटो आलाय, पक्षी न्हाई," तो म्हणाला आणि बस पकडायला गेला.

दुकानातल्या माणसाने छोट्या कॅमेऱ्याचा फोटो मशीनवर घेतला आणि म्हणाला, "काका, हा कागदावर पूर्ण बसत नाही. बाजूंना पांढऱ्या पट्ट्या राहतील, नाहीतर वरून-खालून कापावा लागेल."

"कापायचं न्हाई. पट्ट्या बी नको. कागदाचे पैसे घेताय ना पूर्ण? मग कागद पूर्ण भरा."

माणसाने खांदे उडवले आणि कागद पूर्ण भरून दिला.

दत्तोबा दुपारी परत आला तेव्हा सोजरबाई ओट्यावर बसली होती. "कुत्र्यानं न्हेला," ती म्हणाली. 

त्याने प्रत टेबलावर ठेवली, भिंग लावलं, व्हर्नियर पुसला. चोचीची लांबी नऊ पॉइंट नव्वद मिलिमीटर. जाडी दोन. तीनदा मोजलं, तीनदा तेच. पुस्तकातली चित्रं मोजून त्याने आपली एक मर्यादा ठरवली होती. लांबीला जाडीने भागायचं. पाचाच्या वर आलं तर छोटा, पाचाच्या खाली आलं तर तपकिरी. भागाकार आला चार पॉइंट पंच्याण्णव.

सोजरबाई मागे उभी होती. "किती?"

"पाचाच्या खाली."

"म्हंजी?"

"म्हंजी तपकिरी. आधीच हाय यादीत."

"पण मी बघितला."

"तू बघितला. मी मोजला."

खरं तर तो तिथेच थांबू शकला असता. फोटो बैठकीत न्यायची गरजच नव्हती. पण बैठकीच्या आदल्या रात्री माधवरावांनी फोनवर विचारलं होतं, "दत्तोबा, आता तुमच्या घरूनच दुर्मिळ पक्षी यायला लागले म्हणे? बरं आहे, उत्पादन आणि तपासणी एकाच छताखाली." ते त्याला लागलं होतं. त्याला सगळ्यांसमोर दाखवायचं होतं.

बैठकीला सोजरबाई आली होती. लग्नाकार्याची साडी नेसून शेवटच्या रांगेत हेमाताईंच्या शेजारी बसली होती. फोटो नाकारलाय हे तिला माहीत होतं, तरी ती आली. लोक बघतील, कुणी तरी म्हणेल ही सुई आहे, असं तिच्या मनात असावं.

दत्तोबाने आकडे वाचून दाखवले. प्रतीच्या कोपऱ्यात लाल पेनने रेघ ओढली.

हेमाताई म्हणाल्या, "अहो, पाच शतांशांचाच तर फरक आहे. सोजरबाई सांगतायत ना, त्यांनी चोच नीट पाहिली म्हणून. पुन्हा एकदा मोजून बघावं का?"

"लाल रेघ ओढली, ताई." आणि हॉल त्याच्याकडे बघत होता म्हणून दत्तोबा आणखी बोलला. "आणि तिनं काय पाहिलं त्याचं म्हणाल, तर तिनं डोळे मिटून बटण दाबलं. पक्षी आपणहून फोटोत आला. गोधडीला ठिगळ लावावं तसं नाव लावून मिळत न्हाई यादीत."

हॉल हसला. माधवराव उठून त्याच्यापाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घरच्या माणसाला नाकारायला छाती लागते. याला म्हणतात तपासणी."

दत्तोबाला बरं वाटलं. बसमध्येही वाटत होतं. सोजरबाई पुढे बायकांच्या जागेवर बसली होती, तिची पाठ त्याला दिसत होती. घरी येऊन तिने साडी बदलली, भाकरी थापली, त्याला वाढलं. भाजीत तिखट-मीठ बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला थर्मास भरून मिळाला, पण एकच कप त्याबरोबर होता. छोटा कॅमेरा तिने गोधडीच्या चिंधीत बांधून पत्र्याच्या पेटीत टाकला होता.

त्यानंतर ती धरणावर गेली नाही. तो येऊन सांगायचा, आज अमुक दिसला. ती म्हणायची, "असंल." दोन वर्षं ती हेच म्हणत होती.

या वर्षीच्या जुलैत पुन्हा वारा सुटला. माधवरावांची नात सलोनी, आयटीत नोकरी करणारी, सुट्टी काढून तीन दिवस पावसात भिजली आणि तिला नॉडी मिळाला. वाऱ्यावर उभा, डोकं खाली, थेट तसाच. रविवारी ती बारा बाय आठची प्रत घेऊन दत्तोबाच्या घरी आली. फोटोच्या डाव्या-उजव्या बाजूला कागदावर पांढऱ्या पट्ट्या होत्या.

"ह्या कशाला?" दत्तोबा म्हणाला. "कागद वाया."

"काका, माझ्या कॅमेऱ्याची फ्रेम जरा चौरस असते. हा कागद लांब. पट्ट्या नाही ठेवल्या तर मशीन फोटो आडवा ओढून बसवतं. पक्षी जाडा होतो. बेसिक आहे हो. तुमच्या मोठ्या कॅमेऱ्याला नाही होणार, त्याची फ्रेम कागदासारखीच असते."

दत्तोबाने व्हर्नियर खाली ठेवला.

"किती जाडा होतो?"

"बारा-तेरा टक्के. का?"

"काही न्हाई. फोटो राहू दे इथं. उद्या मोजतो."

ती गेल्यावर तो पेटीपाशी गेला. सोजरबाई गोधडीला दोरा घालत होती. त्याने मागितल्यावर तिने पेटीची किल्ली दिली, कारण विचारलं नाही. तो कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन बुधवारात गेला.

"पट्ट्या ठेवून काढा," तो दुकानातल्या माणसाला म्हणाला.

"तेव्हा नको म्हणाला होतात," तो माणूस म्हणाला. त्याच्या लक्षात होतं.

प्रत घेऊन तो तिथेच दुकानाच्या काउंटरवर वाकला. पक्षी डोकं खाली करून होता, म्हणून चोचीची लांबी कागदावर उभी होती. ती बदलली नव्हती, नऊ पॉइंट नव्वद. जाडी आडवी होती. ती आता एक पॉइंट अठ्ठ्याहत्तर भरली. त्याने भागाकार बाजूच्या पांढऱ्या पट्टीवर केला. साडेपाचाच्या वर आला. एका शतांशासाठी त्याने आनंदचा माल भंगारात घातला होता, आणि इथे बारा टक्के त्याच्या नाकाखालून गेले होते. मापात काही चूक नव्हती. मोजलेली वस्तूच त्याने सांगून वाकडी करून घेतली होती.

तिथून तो थेट माधवरावांकडे गेला. दोन्ही प्रती त्यांच्यापुढे ठेवल्या आणि झालं ते एकही शब्द न वगळता सांगितलं.

माधवरावांनी चष्मा लावून दोन्ही पाहिल्या. "म्हणजे पहिला छोटा नॉडी आपल्या सौभाग्यवतींचा."

"हो. माझी चूक. यादीत तिचं नाव पाहिजे."

"वही काय म्हणते? नाकारलेला फोटो पुन्हा तपासणीला आणायचा नाही. नियम कुणाचा?"

"माझा."

"उत्तम नियम आहे. गेल्या वर्षी त्या आमोदने आपल्या नाकारलेल्या फोटोसाठी तीनदा हात जोडले, तेव्हा आपणच त्याला वही उघडून दाखवली होतीत. आता वही घरापुरती बंद करायची का?" त्यांनी खिशातून पेन काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. "सलोनीचा मोजलात का?"

सलोनीची प्रत दत्तोबाच्या पिशवीतच होती. ती त्याने बाहेर काढली आणि मोजली. पाच पॉइंट सहा. आकडा बरोबर होता, आणि आकडा बरोबर असताना सही नाकारणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्याने सही केली. मंडळाची पहिली नोंद, सलोनी.

तो घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. सोजरबाई तशीच गोधडीवर वाकलेली. त्याने नवी प्रत तिच्यापुढे ठेवली.

"तुझा बरोबर व्हता," तो म्हणाला. "छोटा."

तिने बघितलं नाही. टाका पूर्ण केला, दोरा दाताने तोडला. "मला त्याच दिवशी ठाऊक व्हतं. तुमाला दोन वर्सं लागली."

"यादीत न्हाई घेत. नियम हाय."

"असंल."

"मी सांगितलं त्यांना, चूक माझी हाय म्हणून."

"बंद दाराआड सांगितली का हॉलात?"

 तिने प्रत उचलली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि गोधडीच्या तुकड्यांचा नमुना कापायला जाड कागद लागतो म्हणून तिची चौकोनी घडी घालून कात्री चालवली. चार तुकडे सारखे निघाले.

पुढच्या बैठकीला दत्तोबा गेला. सगळं कामकाज संपल्यावर उभा राहिला आणि हॉलात सांगितलं, की दोन वर्षांपूर्वीचा फोटो बरोबर होता, मोजणारा चुकला, आणि तिच्याबद्दल जे बोललो ते खोटं होतं. माधवराव म्हणाले, "नोंद घेतली. वहीत नाही, मनात." लोक हसले, तेवढेच, पहिल्यासारखे. दत्तोबाने व्हर्नियर टेबलावर ठेवला आणि तपासणीचं काम सोडलं. त्याला कुणी राहा म्हटलं नाही. ऐकायला सोजरबाई तिथे नव्हती. तो काय बोलला ते हेमाताईंनी फोन करून तिला सांगितलं, आणि त्या दोघी त्या दिवशी बराच वेळ बोलत होत्या.

दर ऑक्टोबरात मंडळाची समुद्रावर सहल जायची. मालवणहून होडी, दिवसभर खोल पाण्यात, समुद्रपक्षी बघायला. निवृत्तीच्या पैशांतून दत्तोबा एका लांब पल्ल्याच्या भिंगासाठी साठवत आला होता. ते भिंग त्याने घेतलं नाही. त्या पैशात त्याने होडीवरच्या दोन जागा घेतल्या आणि पावती सोजरबाईच्या शिवणाच्या डब्यावर ठेवली.

तिने पावती वाचली. "दोन कशाला?"

"एक तुझी, एक माझी."

"हेमाताई येत्यात म्हनाल्या," ती म्हणाली आणि पावती डब्यात ठेवून झाकण लावलं.

ती गेली ते तीन दिवस दत्तोबा पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी उठला, स्वतःचा चहा स्वतः केला आणि धरणावर गेला नाही. चौथ्या दिवशी दुपारी ती आली. चेहरा उन्हाने काळवंडलेला, ओठ मिठाने फुटलेले. तिने पाय धुतले, पाणी प्यायलं.

"दिसले?" त्याने विचारलं.

"दिसले. वीस-पंचवीस असतील. हाताच्या अंतरावरनं गेले."

"कोणते?"

"दोन्ही."

"चोच कशी व्हती?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग शिवणाचा डबा ओढून घेतला आणि अर्धी राहिलेली गोधडी मांडीवर घेतली.

"फोटो काढले का?"

"कॅमेरा न्हेलाच न्हवता," ती म्हणाली.

तेहेतीस वर्षं चार-दहाला उठून, चौदा किलोमीटर सायकल मारून, लाखो पिना एकेक करून मोजून दत्तोबाने जे पैसे राखले होते, त्यातून शेवटी हे आलं. होडीवरच्या दोन जागा, दोन वेळचं मासळीचं जेवण, लॉजमधल्या दोन रात्री आणि उलटी होऊ नये म्हणून दोघींसाठी गोळ्यांचं एक पाकीट.